महाराष्ट्र विधिमंडळ: अधिवेशने आणि आमदार – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अधिवेशन तोंडावर आले की तेच प्रश्न पुन्हा येतात, आणि बातम्यांतल्या गदारोळात त्यांची उत्तरे हरवतात. म्हणून ती इथे एकत्र दिली आहेत. एखादी गोष्ट संविधानात आहे, सभागृहाच्या नियमांत आहे की निव्वळ प्रथा आहे, हे शक्य तिथे स्पष्ट केले आहे. विधिमंडळाविषयीच्या निम्म्या भांडणांचे मूळ या तिन्हींची गल्लत होण्यात असते.

१. विधिमंडळ म्हणजे विधानसभाच ना?

नाही. राज्यपाल, विधानसभा आणि विधान परिषद मिळून विधिमंडळ होते (अनुच्छेद १६८). विधानसभेत थेट जनतेतून निवडून आलेले २८८ सदस्य असतात. त्यांतील २९ जागा अनुसूचित जातींसाठी आणि २५ जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. विधान परिषदेत ७८ सदस्य आहेत. विधानसभेची मुदत पाच वर्षांची असते. परिषद मात्र कधीच विसर्जित होत नाही. तिथे प्रत्येक सदस्याला सहा वर्षे मिळतात आणि दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. विधानसभेसाठी किमान वय २५, परिषदेसाठी ३०. बोलण्यात दोघांनाही आमदारच म्हणतात.

मुंबईत दोन्ही सभागृहे नरिमन पॉइंटच्या विधान भवनात भरतात. या इमारतीचे उद्घाटन १९ एप्रिल १९८१ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले.

२. वर्षात किती अधिवेशने होतात? ती कोण बोलावते?

साधारण तीन होतात: अर्थसंकल्पी (फेब्रुवारी-मार्च, मुंबई), पावसाळी (जून-जुलै, मुंबई) आणि हिवाळी (डिसेंबर, नागपूर). हा तीनचा आकडा प्रथेने आलेला आहे, संविधानात तो नाही. अधिवेशन राज्यपाल बोलावतात, पण मंत्रिमंडळाच्या शिफारशीवरून. रोजचे कामकाज आणि अधिवेशनाची लांबी कामकाज सल्लागार समितीत ठरते. या समितीत सत्ताधारी आणि विरोधक दोघेही असतात. अधिवेशन गुंडाळले, ही तक्रार सहसा या समितीच्या बैठकीनंतरच सुरू होते.

वर्षातल्या पहिल्या अधिवेशनाच्या सुरुवातीला राज्यपाल दोन्ही सभागृहांच्या एकत्रित बैठकीत अभिभाषण करतात. ते भाषण मंत्रिमंडळाने मंजूर केलेले असते. त्यामुळे त्यातल्या एखाद्या वाक्यासाठी राज्यपालांना जबाबदार धरण्यात फारसा अर्थ नाही.

निवडणुकीच्या वर्षी गणित बदलते. २०२४ मध्ये लोकसभा निवडणुकीमुळे २७ फेब्रुवारीला अंतरिम अर्थसंकल्प मांडला गेला आणि पूर्ण अर्थसंकल्प २८ जूनला, पावसाळी अधिवेशनात आला.

३. अधिवेशन किमान किती दिवस चालले पाहिजे?

असा नियमच नाही. अनुच्छेद १७४ एवढेच सांगतो की एका अधिवेशनाची शेवटची बैठक आणि पुढच्या अधिवेशनाची पहिली बैठक यांत सहा महिन्यांहून जास्त अंतर पडता कामा नये. करोनाकाळात, जुलै २०२१ मध्ये, पावसाळी अधिवेशन दोन दिवसांत आटोपले आणि संविधानाचा भंग झाला नाही. २०२४ चे हिवाळी अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर आणि २०२५ चे ८ ते १४ डिसेंबर असे झाले. त्या मानाने २०२५ चे पावसाळी अधिवेशन (३० जून ते १८ जुलै) ऐसपैस म्हणायचे. बैठकांची किमान संख्या कायद्याने ठरवावी, ही मागणी देशभर जुनी आहे. सत्तेत आल्यावर तिची आठवण फारशी कुणाला राहत नाही.

४. हिवाळी अधिवेशन नागपूरलाच का? ते बंधनकारक आहे का?

मध्य प्रांत-वऱ्हाडाची आणि पुढे जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. मराठी राज्यात येताना विदर्भाचे राजधानीपण जाणार होते. त्याच्या भरपाईसाठी २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात दोन गोष्टी लिहिल्या गेल्या: सरकार निश्चित काळासाठी अधिकृतपणे नागपूरला हलेल आणि विधिमंडळाचे वर्षातून किमान एक अधिवेशन विदर्भात होईल. १९६० पासून ही प्रथा चालू आहे.

तो करार राजकीय आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठीच्या विकास मंडळांचा उल्लेख आहे, अधिवेशनाचा नाही. त्यामुळे नागपूरला अधिवेशन न घेतल्याबद्दल टीका होऊ शकते, पण तेवढ्यावरून त्या अधिवेशनात झालेला कायदा अवैध ठरत नाही. २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशने मुंबईत झाली. 'एक अधिवेशन' म्हणजे हिवाळीच, असेही करारात नाही. २०१८ मध्ये पावसाळी अधिवेशन नागपूरला घेतले आणि हिवाळी मुंबईत. त्या जुलैत मुसळधार पावसाचे पाणी विधान भवनाच्या वीजपुरवठ्याच्या खोलीत शिरले, दिवे गेले आणि कामकाज थांबवावे लागले. पुढच्या वर्षी हिवाळ्याचा बेत पूर्ववत झाला.

५. अधिवेशनावर मोर्चा नेला तर विधान भवनापर्यंत जाता येते का?

येत नाही. मुंबईत आझाद मैदानावर थांबवतात. नागपुरात मोर्चे सहसा यशवंत स्टेडियमकडून निघतात आणि पोलीस त्यांना ठरलेल्या नाक्यावर, उदाहरणार्थ टेकडी रोड किंवा मॉरिस कॉलेज चौकात, अडवतात. तिथून चार-पाच जणांचे शिष्टमंडळ मंत्र्यांना भेटायला नेले जाते, किंवा मंत्रीच निवेदन घ्यायला येतात. मोर्चासाठी पोलिसांची परवानगी आधी घ्यावी लागते. कोणत्या मंत्र्याला भेटायचे तेही अर्जातच लिहिलेले बरे, नाहीतर दिवसभर उन्हात बसून निवेदन भलत्याच खात्याकडे जाते.

हा बंदोबस्त अतिरेकी वाटला तर २३ नोव्हेंबर १९९४ ची घटना ठाऊक असावी. त्या दिवशी हिवाळी अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात पोलिसांच्या लाठीमारानंतर चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जण मेले. त्यांत बायका आणि मुले मोठ्या संख्येने होती. मोर्चेकऱ्यांना दिवसभर ताटकळत ठेवून कुणी भेटायला न जाणे किती महागात पडते, हे नागपूर तेव्हापासून जाणते.

६. विधान परिषदेच्या ७८ जणांना निवडते कोण?

विधानसभेचे आमदार ३०, स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य २२, पदवीधर ७, शिक्षक ७. आणि १२ जणांना राज्यपाल नामनिर्देशित करतात. साहित्य, विज्ञान, कला, सहकार चळवळ आणि समाजसेवा या क्षेत्रांतील जाणकारांसाठी या १२ जागा आहेत. प्रत्यक्षात तिथे कोण बसते हे वाचकांना ठाऊक आहेच.

जागा रिकाम्या कशा राहतात, हा पुढचा प्रश्न. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने १२ नावे राज्यपालांकडे पाठवली, पण त्यांवर निर्णयच झाला नाही. पुढे सरकार बदलले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आचारसंहिता लागण्याच्या बेतात असताना नव्या यादीतील सात जणांनी शपथ घेतली. स्थानिक संस्थांच्या मतदारसंघांची अडचण वेगळी होती. तिथे निवडणूक घेण्यासाठी किमान ७५ टक्के संस्था आणि ७५ टक्के मतदार अस्तित्वात असावे लागतात. महापालिका आणि जिल्हा परिषदांच्याच निवडणुका रखडल्याने २०२२ पासून मुदत संपलेल्या अनेक जागा तशाच पडून राहिल्या.

७. मागच्या वेळी पदवीधर मतदारसंघात मतदान केले होते. या वेळी यादीत नाव नाही. असे कसे?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न आहे. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांची यादी प्रत्येक निवडणुकीआधी कोरी करून नव्याने तयार होते. जुने नाव आपोआप पुढे येत नाही. दर सहा वर्षांनी नवा अर्ज द्यावा लागतो: पदवीधरांसाठी नमुना १८, शिक्षकांसाठी नमुना १९. पदवीधराला पात्रता दिनांकापूर्वी (त्या वर्षीचा १ नोव्हेंबर) पदवी मिळून किमान तीन वर्षे झालेली हवीत. शिक्षकाने मागच्या सहा वर्षांत मिळून किमान तीन वर्षे माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवलेले हवे. प्राथमिक शिक्षकांना या मतदारसंघात मत नाही, आणि त्याची खंत त्यांच्या संघटना वर्षानुवर्षे मांडत आल्या आहेत.

मतदान यंत्रावर होत नाही. मतपत्रिकेवर पसंतीक्रम आकड्यांत लिहायचा, तोही केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या शाईच्या पेनानेच. स्वतःचा पेन वापरला, 'एक' असे अक्षरी लिहिले किंवा बरोबरची खूण केली तर मत बाद. उच्चशिक्षितांच्या या निवडणुकीत बाद मतांचा गठ्ठा दरवेळी फुगतो, तो यामुळे.

उमेदवार स्वतः पदवीधर किंवा शिक्षक असलाच पाहिजे, असे मात्र नाही.

८. आमच्या गावचा प्रश्न सभागृहात यावा असे वाटते. काय करावे?

आपल्या आमदाराला लेखी द्या, आणि अधिवेशनाच्या आदल्या आठवड्यात न देता महिना-दीड महिना आधी द्या. तारांकित प्रश्नांची मुदत अधिवेशनाच्या बरीच आधी संपते. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळते.

प्रश्न कसा लिहिला जातो हे पाहण्यासारखे आहे. '(१) अमुक तालुक्यातील अमुक पूल वाहून गेल्याचे माहे जुलैमध्ये निदर्शनास आले, हे खरे आहे काय; (२) असल्यास, चौकशी केली आहे काय; (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' उत्तर असे येऊ शकते: '(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.' पहिल्याच भागात तारीख किंवा महिना चुकला की खात्याला 'हे खरे नाही' म्हणून सुटायला जागा मिळते. म्हणून आमदाराला देताना दिनांक, सर्व्हे क्रमांक, पत्रव्यवहाराचा जावक क्रमांक असे सगळे अचूक द्या. 'अंशतः खरे आहे' असे उत्तर आले तर खुशाल आनंद माना. त्यात धागा सापडतो.

९. लक्षवेधी, स्थगन, औचित्य, हरकत… हे सगळे एकच का?

नाही. लक्षवेधी सूचनेने तातडीच्या सार्वजनिक बाबीकडे मंत्र्याचे लक्ष वेधतात आणि त्यावर मंत्र्याला निवेदन करावे लागते. नागरिकांच्या दृष्टीने सगळ्यांत उपयोगी आयुध हेच. स्थगन प्रस्ताव म्हणजे ठरलेले काम बाजूला ठेवून आधी आमच्या विषयावर चर्चा घ्या, ही मागणी (विधानसभा नियम ५७). तो क्वचितच स्वीकारला जातो, पण नाकारताना होणाऱ्या वादात विरोधकांना विषय मांडून घेता येतो. हरकतीचा मुद्दा सभागृहाचा नियम मोडला जात असल्याबद्दल असतो, तर औचित्याच्या मुद्द्यातून एखादी बाब थोडक्यात मांडता येते, पण मंत्र्याने लगेच उत्तर दिलेच पाहिजे असे नाही. विरोधकांची मोठी चर्चा विधानसभेत नियम २९३ आणि परिषदेत नियम २६० खाली होते.

१०. अधिवेशनाच्या आदल्या दिवशीच्या चहापानावर विरोधक बहिष्कार का घालतात?

निव्वळ रिवाज. सरकार बोलावते, विरोधक पत्रकार परिषद घेऊन नकार देतात आणि त्या पत्रकार परिषदेतून अधिवेशनात कोणते विषय तापणार ते कळते. बाके बदलली की भूमिकाही बदलतात.

११. 'तहकूब', 'संस्थगित' आणि 'विसर्जित' यांत काय फरक? प्रलंबित विधेयकांचे काय होते?

तहकुबी, म्हणजे कामकाज काही काळ थांबवणे, विधानसभेत अध्यक्ष आणि परिषदेत सभापती करतात, दहा मिनिटांची असो की आठवड्याची. अधिवेशन संपवण्याचा, म्हणजे संस्थगित करण्याचा आदेश राज्यपालांचा असतो. विसर्जन फक्त विधानसभेचे होते.

अधिवेशन संपल्याने विधेयक मरत नाही (अनुच्छेद १९६). विधानसभा विसर्जित झाली तर मात्र विधानसभेत प्रलंबित असलेले, तसेच विधानसभेने मंजूर करून परिषदेत अडकलेले विधेयक रद्द होते. परिषदेत मांडलेले आणि विधानसभेकडे अजून न गेलेले विधेयक तेवढे वाचते.

१२. सभागृह रिकामे दिसते, तरी कामकाज कसे चालते?

गणपूर्ती, म्हणजे कामकाजासाठी लागणारी किमान हजेरी, एक दशांश असते: विधानसभेत २९. परिषदेत किमान १० ची अट असल्याने तिथे १०. हरकत कुणी घेतली नाही तर सहसा डोकी मोजली जात नाहीत. रात्री उशिरापर्यंत चाललेल्या चर्चेत दोन्ही बाजूंचे आमदार ही हरकत न घेण्याचा समजूतदारपणा दाखवतात.

१३. अध्यक्षपद रिकामे असले तर सभागृह चालते का?

चालते, आणि बराच काळ चालले आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोले यांनी राजीनामा दिल्यापासून जुलै २०२२ मध्ये राहुल नार्वेकर निवडून येईपर्यंत उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी विधानसभा चालवली. मधल्या काळात, डिसेंबर २०२१ मध्ये, निवड गुप्त मतदानाऐवजी आवाजी मतदानाने घेण्यासाठी नियम बदलले गेले. निवडणुकीची तारीख राज्यपालांनी द्यायची असते आणि ती काही आली नाही. परिषदेतही जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ सभापती नव्हते. उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी काम पाहिले, मग राम शिंदे निवडून आले.

१४. विरोधी पक्षनेतेपदासाठी दहा टक्के आमदार लागतात, हे कुठे लिहिले आहे?

संविधानात नाही. विरोधी पक्षनेत्यांच्या वेतनाविषयीच्या १९७८ च्या राज्य कायद्यातही आकडा नाही. विरोधातील सर्वांत मोठ्या पक्षाचा नेता आणि अध्यक्षांची (परिषदेत सभापतींची) मान्यता, एवढेच त्यात आहे. दहा टक्के हा संसदेतून आलेला संकेत आहे. २०२४ च्या निवडणुकीत विरोधातील सर्वांत मोठा पक्ष २० जागांवर थांबला, म्हणजे २९ च्या खाली, आणि निर्णय अध्यक्षांच्या मेजावर राहिला. डिसेंबर २०२५ च्या नागपूर अधिवेशनात दोन्ही सभागृहांत हे पद रिकामे होते. संकेताच्या आधारे पद नाकारता येते, तसे कायद्याच्या आधारे देताही येते. निर्णय राजकीय आहे, हे मान्य केलेले बरे.

१५. निवडून आलो पण शपथ घेतली नाही, तर आमदार आहे की नाही?

निवडून आल्याची अधिसूचना निघाली की तुम्ही आमदार आहात. शपथ घेतल्याशिवाय सभागृहात बसता किंवा मत देता येत नाही. बसल्यास दिवसाला ५०० रुपये दंड (अनुच्छेद १९३). २०१९ मध्ये निकाल २४ ऑक्टोबरला लागला आणि मधल्या राष्ट्रपती राजवटीमुळे शपथविधी २७ नोव्हेंबरला झाला. डिसेंबर २०२४ मध्ये महाविकास आघाडीच्या आमदारांनी मतदान यंत्रांच्या निषेधार्थ पहिल्या दिवशी शपथ घेतली नाही, दुसऱ्या दिवशी घेतली.

१६. आमदार अधिवेशनाला फिरकलाच नाही तर पद जाते का?

परवानगीशिवाय ६० दिवस गैरहजर राहिल्यास सभागृह ती जागा रिक्त जाहीर करू शकते (अनुच्छेद १९०). 'करू शकते' हे लक्षात घ्या, आपोआप काही होत नाही. शिवाय अधिवेशन संपलेले असताना किंवा सलग चार दिवसांहून जास्त तहकुबी असताना ते दिवस मोजत नाहीत. प्रश्न ३ मधले आकडे पाहिलेत तर असे ६० दिवस भरायला किती काळ लागेल ते दिसेल.

१७. आमदाराला किती काळ निलंबित करता येते?

चालू अधिवेशनापुरतेच. ५ जुलै २०२१ रोजी तालिका अध्यक्षांशी (अध्यक्षांच्या जागी कामकाज चालवणाऱ्या आमदाराशी) गैरवर्तन केल्याच्या आरोपावरून भाजपच्या १२ आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी तो ठराव रद्द केला. न्यायालयाचा युक्तिवाद असा: आमदाराला सभागृहातून काढून टाकले तर सहा महिन्यांत पोटनिवडणूक होऊन मतदारांना नवा प्रतिनिधी मिळतो, पण वर्षभराच्या निलंबनात जागाही भरत नाही आणि प्रतिनिधीही नाही. अशी शिक्षा हकालपट्टीपेक्षा वाईट, आणि तिचा भार आमदाराहून मतदारसंघावर जास्त पडतो.

१८. अपात्रतेचा निर्णय अध्यक्ष देतात की राज्यपाल?

कारणावर अवलंबून आहे. पक्षांतर असेल तर संविधानाच्या दहाव्या अनुसूचीनुसार (म्हणजेच पक्षांतरबंदी कायद्यानुसार) विधानसभेत अध्यक्ष, परिषदेत सभापती. लाभाचे पद वगैरे कारण असेल तर राज्यपाल, पण निवडणूक आयोगाच्या मतानुसारच (अनुच्छेद १९२). दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली तर २०१३ च्या लिली थॉमस निकालापासून सदस्यत्व तात्काळ जाते. वरिष्ठ न्यायालयाने दोषसिद्धीलाच स्थगिती दिली तर ते परत मिळते. नुसत्या शिक्षेला स्थगिती मिळून भागत नाही.

एक तृतीयांश आमदार फुटले तर चालते, हे २००३ पासून चालत नाही. आता दोन तृतीयांश आमदारांसह विलीनीकरण हाच अपवाद आहे. 'मूळ पक्ष आम्हीच' असा दावा झाला की प्रकरण आणखी वळण घेते. शिवसेनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये निर्णय अध्यक्षांकडे सोपवला. १० जानेवारी २०२४ च्या निकालात अध्यक्षांनी शिंदे गटाला खरा पक्ष मानले आणि दोन्ही गटांतील कुणालाही अपात्र केले नाही.

१९. आमदार नसताना मुख्यमंत्री होता येते?

येते, सहा महिन्यांपुरते (अनुच्छेद १६४(४)). तेवढ्यात दोहोंपैकी कोणत्याही सभागृहात यावे लागते. उद्धव ठाकरे २८ नोव्हेंबर २०१९ रोजी मुख्यमंत्री झाले आणि मुदत संपत आली तेव्हा करोनाने निवडणुका थांबल्या होत्या. राज्यपाल नामनिर्देशित जागेची शिफारस अडली, शेवटी निवडणूक आयोगाने परिषदेची निवडणूक घेतली आणि मे २०२० मध्ये ते बिनविरोध निवडून आले. सहा महिने वाया घालवून राजीनामा द्यायचा आणि निवडून न येता पुन्हा शपथ घ्यायची, ही वाट न्यायालयाने बंद केली आहे.

२०. दोन सभागृहांत मतभेद झाले तर संयुक्त बैठक होते का?

राज्यात नाही, ती सोय फक्त संसदेत आहे. साधे विधेयक परिषद पहिल्या वेळी तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा मंजूर केल्यावर आणखी एक महिना अडवू शकते. मग विधानसभेचेच चालते. धन विधेयकावर (कर आणि सरकारी खर्चाविषयीच्या विधेयकावर) परिषदेला फक्त १४ दिवस मिळतात.

२१. आमदार खासदार झाला तर?

अधिसूचनेपासून १४ दिवसांत आमदारकी सोडावी लागते, नाहीतर जाते ती खासदारकी. अनेकांना हे उलटे वाटते. रिक्त जागेवर सहा महिन्यांत पोटनिवडणूक व्हायला हवी, पण विधानसभेची मुदत वर्षाहून कमी उरली असेल तर नाही. २०२४ च्या लोकसभेनंतर काही मतदारसंघ विधानसभा निवडणुकीपर्यंत आमदाराविना राहिले, ते यामुळे.

२२. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदार मतपत्रिका दाखवतात, मग परिषदेच्या वेळी का नाही?

राज्यसभेसाठी मतदान खुले असते. पक्षाच्या आमदाराने मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची, आणि फक्त त्यालाच. दुसऱ्या कुणाला दिसली तर मत बाद. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे एक मत असेच गेले. परिषदेसाठी मतदान गुप्त असते, म्हणून 'मते फुटली' ही बातमी तिथेच जास्त येते आणि कुणाची फुटली हे सिद्ध होत नाही. दोन्हीकडे पक्षाविरुद्ध मत दिल्याने पक्षांतरबंदी कायद्याखाली (प्रश्न १८) आमदारकी जात नाही. पक्ष हकालपट्टी करू शकतो, तेवढेच.

परिषदेच्या कोट्याचे, म्हणजे निवडून यायला लागणाऱ्या मतांचे, गणितही विचारले जाते. जुलै २०२४ मध्ये ११ जागा होत्या आणि मतदार आमदार २७४. २७४ ला १२ ने (जागा अधिक एक) भागले की २२.८३ येतात, म्हणून पहिल्या पसंतीची २३ मते हवी होती. रिंगणात १२ उमेदवार होते. परिषदेचे आमदार स्वतः मात्र या निवडणुकीत मतदार नसतात. राज्यसभेच्या आणि राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीतही त्यांना मत नाही.